आधी चांदण्यात शिका, आकाशगंगा कुठं पळून जात नाही

रात्रीचे फोटो शिकायचे म्हटलं की हल्ली जो तो आकाशगंगेच्या मागं लागतो. अमावस्या गाठायची, बेळगावातून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ल्याच्या रस्त्याला कुठंतरी गाडी लावायची आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात कॅमेऱ्याची बटणं चाचपत बसायचं. उद्यमबागेत आमच्या मशीन शॉपमध्ये नवीन कॅमेरे घेतलेली पोरं आहेत, त्यांचंही हेच चाललंय. मी त्यांना सांगतो, मर्दांनो, पौर्णिमा धरा. अमावस्या नंतर बघू.

पोरांना हे पटत नाही. चंद्र असला की तारे दिसत नाहीत, मग जायचं कशाला, असा त्यांचा सवाल. खरं मला सांगा, आपण शिकायला निघालोय ते लँडस्केप. लँडस्केप म्हणजे जमीन. अमावस्येच्या फोटोत वर आकाशगंगा भरजरी आणि खाली काळा पट्टा. मग त्या काळ्या पट्ट्यात काहीतरी दिसावं म्हणून झाडावर बॅटरी मारायची, आणि झाड पेट्रोल पंपावर उभं केल्यासारखं दिसायला लागतं. चांदण्यात तसं नसतं. उजेड एका बाजूनं येतो, बांधाची सावली पडते, उतार कळतो, भाताच्या लोंब्यांवर कड चमकते. शिवाय ट्रायपॉडचा पाय कुठं टेकलाय ते दिसतं, आणि पायाखाली काय वळवळतंय तेही. शिकणाऱ्याला हे फार उपयोगाचं.

मी टर्नर आहे. दिवसभर सीएनसी मशीनवर काम, राहायला शहापूर. कॅमेरा सेकंड हँड निकॉन डी 5300 आणि त्याच्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची किट लेन्स. अजून दुसरी लेन्स घेतलेली नाही. चांदण्यात शिकायला एवढं पुरतं, हाही माझ्या म्हणण्यातला एक मुद्दा समजा. आकाशगंगेसाठी मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत यायचं भोक मोठं असलेली, महागडी लेन्स लागते असं लोक लगेच सांगायला लागतात, आणि ते तितकंसं खोटंही नाही.

आता हिशेब. तो मी चहाच्या सुट्टीत एका जॉब कार्डाच्या मागं केला होता आणि ते कार्ड अजून कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे.

दिवसाचा जुना नियम सगळ्यांना माहीत असतो: लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ 16, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) 100 आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं. आता सूर्य पूर्ण चंद्राच्या साधारण 4 लाख पट तेजस्वी. म्हणजे तोच फोटो पौर्णिमेच्या चांदण्यात काढायचा तर शंभराव्या भागाला 4 लाखांनी गुणायचं. झाले 4000 सेकंद, तासापेक्षा जास्त. एवढा वेळ कोण बसणार? म्हणून अ‍ॅपर्चर उघडायचं; एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं. एफ 16 वरून एफ 4 वर आलो की उजेड 16 पट वाढतो, वेळ 250 सेकंदांवर येतो, चार मिनिटांच्या थोडं वर. आयएसओ 100 चा 800 केला की आठ पट, वेळ 31 सेकंद. म्हणजे पौर्णिमेचा माझा आकडा: एफ 4, आयएसओ 800, 30 सेकंद. कुठल्याही शिवारात जाऊन लावा, फोटो येतोच. आणि गंमत अशी की तो दिवसासारखाच येतो. आभाळ निळं येतं, कारण हवेत निळा रंग जास्त विखुरतो ते चंद्राच्या उजेडालाही लागू आहे. आपल्या डोळ्याला तेवढ्या कमी उजेडात रंग कळत नाहीत, सेन्सरला कळतात. बघणाऱ्याला रात्र वाटावी म्हणून मी उजेड अर्धा ते एक स्टॉप कमीच ठेवतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा, 4000 केल्व्हिनच्या आसपास. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं असेल तर ते घरी बसूनही बदलता येतं.

यात एक अडचण आहे. पृथ्वी फिरते. तासाला 15 अंश, चार मिनिटाला एक अंश. पूर्ण चंद्राची थाळी आकाशात अर्ध्या अंशाची दिसते, म्हणजे चार मिनिटांच्या फोटोत तारा चंद्राच्या दुप्पट रुंदीएवढी रेघ ओढून मोकळा होतो. तारा ठिपका दिसायला हवा असेल तर एक कच्चा नियम आहे: 500 ला फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्यानं, भागा. माझ्यासारखा छोटा सेन्सर असेल तर आधी फोकल लेंथला दीडनं गुणा. 18 चे झाले 27, आणि 500 भागिले 27 म्हणजे साडेअठरा सेकंद. म्हणून मी 30 ऐवजी 15 सेकंद आणि आयएसओ 800 ऐवजी 1600 लावतो. उजेड तेवढाच. नियम कच्चा म्हणतो कारण ध्रुवाजवळचे तारे जवळजवळ हलत नाहीत आणि डोक्यावरचे पूर्व-पश्चिम पळणारे भराभर पळतात. फोटो मोठा करून बघणारा असेल त्यानं आणखी थोडे सेकंद कमी करावेत.

पोरं विचारतात, अष्टमीला अर्धा चंद्र, मग वेळ दुप्पट करायची का? नाही. अर्ध्या चंद्राचा उजेड पूर्ण चंद्राच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडलेलं असतं, तिथल्या खड्ड्या-डोंगरांच्या लांब सावल्या आपल्या बाजूला येतात. त्यामुळं अष्टमीला तीन-सव्वातीन स्टॉप चढवावे लागतात. माझ्या किट लेन्सचा तिथं घाम निघतो. म्हणून नवख्यानं शुद्ध द्वादशीपासून वद्य द्वितीयेपर्यंतचे दिवस धरावेत.

तिथीवरून आठवलं. यासाठी मोबाइलवर पैसे देऊन अ‍ॅप घ्यायची काही गरज नाही, घरात भिंतीवर कॅलेंडर आहे. शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. मधल्या काळात रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर. एवढं पाठ असलं की महिनाभराचं वेळापत्रक तयार.

आणि या सगळ्यात माझी आवडती रात्र संकष्टीची. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेलीच असते, साधारण नऊच्या आगेमागे. सूर्य मावळून सव्वा तासानं पुरता अंधार होतो. म्हणजे साडेसातपासून चंद्र उगवेपर्यंत अमावस्येसारखं आभाळ, फुकटात. ट्रायपॉड पश्चिमेला तोंड करून रोवायचा, त्या अंधारात ताऱ्यांचे फोटो काढून घ्यायचे, आणि ट्रायपॉडला हात न लावता थांबायचं. मग पाठीमागून चंद्र वर येतो आणि समोरचं शिवार हळूहळू उजळायला लागतं. उगवतीचा चंद्र जरा तांबूस असतो, त्याचा उजेडही ऊबदार. हे दोन फोटो नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक बसवता येतात. एका जागेचं आभाळ दुसऱ्या जागेच्या जमिनीला चिकटवणाऱ्यांपैकी मी नाही, पण एकाच जागी, एकाच रात्री, न हललेल्या ट्रायपॉडवरून काढलेले दोन फोटो जोडायला माझी हरकत नाही. त्या रात्री आईचा उपास असतो. आमच्या गल्लीत घरं दाटीची, चंद्र वर यायला वेळ लावतो, म्हणून ती मला फोन करून विचारते, ‘उगवला काय रे?’ मी होय म्हणालो तरी ती आरती होईपर्यंत ताट वाढून घेत नाही ते वेगळं.

ऋतूचंही बघावं लागतं. दत्तजयंतीच्या पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र आपल्याकडं जवळजवळ डोक्यावर येतो. मग सावल्या पायाशी गोळा होतात आणि फोटो भर दुपारसारखा सपाट. त्या दिवसांत चंद्र उगवल्यावर दोन-तीन तासांत काम उरकायचं. वटपौर्णिमेच्या सुमारास तो दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा मध्यरात्रीही सावली मिळते, पण तोवर आपल्याकडं पावसाचे ढग आलेले असतात. आकाशगंगेवाल्यांचंही दुखणं हेच. तिचा भरगच्च भाग संध्याकाळी-रात्री सोयीच्या वेळी दिसायचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि त्या काळात खानापूर तालुक्यात आभाळ बघायला मिळालं तरी नशीब. मग त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे उठावं लागतं. मला विचाराल तर वर्षातली सगळ्यात चांगली रात्र कोजागिरी. पावसानं हवा धुतलेली, भात पिकायला आलेलं, ओहोळांना अजून पाणी. मसाला दूध थर्मासमध्ये भरून न्यायचं.

जागा कुठली, हे सगळे विचारतात. बेळगाव जवळजवळ 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच, 16 अंश वर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंशांची. दीड मूठ वर ध्रुव. मधे टेकडी किंवा आंब्याचं झाड आलं की गेला. ताऱ्यांची गोल-गोल वर्तुळं काढायची असतील तर उत्तर मोकळी हवी, आणि येळ्ळूरच्या बाजूला गेलात तर त्याच उत्तरेला शहराचा उजेड. रस्त्यांवर पांढरे एलईडी दिवे आहेत, त्यामुळं वर्तुळांच्या तळाशी एक फिकट पांढरा फुगवटा येतो. मला तो चालतो. आपलं गाव आहे ते, असू दे की फोटोत.

मी मात्र बहुतेक वेळा उलटा, दक्षिणेला बघतो. येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड दिसतो, भात काढून झाल्यावर रानं मोकळी असतात, कुठं मसूर असतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्ती बरोबर दक्षिणेला येतो, दोन मुठी उंचीवर. व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा तो, चांदण्यातही लपत नाही. पूर्वेकडून चंद्र असेल तर गडाची डावी बाजू उजळते आणि उजवी अंधारात राहते. या फोटोला गडावर चढायची गरज नाही, रात्री चढूही नये.

जंगलाचं तर नावच काढू नका. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं, आणि त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्री गवे असतात, अस्वलं असतात. गवा ट्रायपॉड बघून थांबत नाही. कणकुंबीकडं जायचंच तर गावात ओळख काढा, कुणाच्या तरी अंगणातून फोटो काढा. मलप्रभा तिथंच उगम पावते, त्या बाजूला दवही भरपूर. अर्ध्या तासात लेन्सवर घाम धरतो. मी लेन्सच्या गळ्यात जुना मोजा चढवतो आणि त्यात हात शेकायची पुडी खोचतो, काम भागतं.

आता थोडं माझ्या धंद्याचं. मशीन थरथरलं की जॉबवर, म्हणजे घडवत असलेल्या तुकड्यावर, रेघा उमटतात हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. कॅमेऱ्याचंही तेच. ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढायचा नाही, पाय रुंद करायचे, सगळ्यात बारीक पाय शेवटी उघडायचे. मधल्या हुकाला पिशवी टांगा असं सगळे सांगतात, पण आपल्या माळावरच्या वाऱ्यात ती पिशवी झुलते आणि उलट कॅमेराच हलवते. पिशवी जमिनीला टेकेल इतकी खाली टांगा, म्हणजे वजनही मिळतं आणि झुलणंही बंद. मी शॉपमध्ये उरलेल्या लोखंडी एमएस बारचा एक जड तुकडा कापून घेतलाय, हुकाला दोरीनं बांधतो. लेन्सवरचं व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा, ट्रायपॉडवर ते विनाकारण हलत बसतं. शटर हातानं दाबू नका, वायरचा साधा रिमोट घ्या किंवा दोन सेकंदांचा टायमर लावा. आणि मागच्या काचेवर, जिथं डोळा लावतो तिथं, काळी पट्टी लावा. लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं असताना, तिथून मागचा चंद्र आत शिरतो.

फोकसचं एकदाच नीट समजून घ्या. या किट लेन्सवर अंतराच्या खुणाच नाहीत, त्यामुळं ‘अनंतावर लावा’ म्हणणाऱ्याला विचारावं, अनंत कुठाय? लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, चालू करा, व्याध किंवा लांबच्या गावातला एखादा दिवा मधोमध घ्या, पडद्यावर जास्तीत जास्त मोठा करा आणि रिंग फिरवत तो ठिपका लहानात लहान होईल तिथं थांबा. मग फोकस मॅन्युअल ठेवून रिंगवर चिकटपट्टी. पुढं रात्रभर त्याला हात नाही.

एक युक्ती मात्र मला फार आवडते. मोठं एक्स्पोजर लावायच्या आधी आयएसओ 6400 वर चाचणी घ्यायची. 6400 म्हणजे 100 च्या 64 पट. म्हणजे 6400 वर जेवढे सेकंद लागले, 100 वर साधारण तेवढी मिनिटं. चार सेकंदांत फ्रेम, क्षितिज, फोकस सगळं कळतं, आणि मग चार मिनिटांचा फोटो निर्धास्त. चार मिनिटांत ढग ओढले जातात, उभं भात वाऱ्यानं धुरकट होतं, ओहोळाचं पाणी काचेसारखं गुळगुळीत. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर फोटो झाल्यावर कॅमेरा आणखी चार मिनिटं गप्प बसतो. तो बिघडलेला नसतो. शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढून त्यातले रंगीत ठिपके वजा करत असतो. वर्तुळांसाठी 30-30 सेकंदांचे फोटो ओळीनं काढणार असाल तर मात्र ते बंद करा, नाहीतर प्रत्येक रेघेत तुटक जागा राहतात. ते फोटो जोडायला स्टारस्टॅक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा काढायला निपाणीजवळचा तवंदी घाट चांगला. ऊस हंगामात तर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, गाणी लावून. पुढच्या दिव्यांची पांढरी रेघ जाड येते. ट्रॉलीला मागं लाल दिवा असलाच तर लाल रेघ येते, नाहीतर ट्रॅक्टर नुसता गेल्याचा पुरावा. यावर जास्त लिहीत नाही, मला त्यात फार रस नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे माणसं. आमच्याकडं रात्री शेतात तिकाटणं रोवून उभा राहिलेला माणूस म्हणजे सर्वेवाला, रस्त्यासाठी जमीन मोजणारा. हलगा-मच्छे बायपासला इथल्या शेतकऱ्यांनी किती विरोध केला, कोर्टकचेऱ्या केल्या, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ट्रायपॉड बघितला की रान मालकाच्या पोटात गोळा येणारच. येळ्ळूरच्या बाजूला एकदा रात्री मोटर चालू करायला एक मामा आले. मोटरीची थ्री फेज वीज रात्रीची, त्यामुळं शिवारात जाग असतेच. त्यांनी लांबूनच बॅटरी माझ्या तोंडावर मारली.

‘काय मोजाय लागलाईस?’

‘मोजत नाही मामा, फोटो काढायलोय.’

‘रातीचा? कुणी पाठवलंय तुला? रोड जातोय काय हिकडनं?’

‘नाही ओ. शहापूरचा मी. चांदण्यात काढायलोय, बघा की.’

तेवढ्यात शटर बंद झालं आणि पडद्यावर फोटो आला. त्यांचं रान, त्यांचा बांध, पलीकडं गड. मामा वाकून बघत राहिले.

‘हे आत्ता काढलास? खरं एवढा उजेड कुठला रे?’

मी वर बोट केलं. त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांना शेजारी उभं करून दुसरा काढून दाखवला, तेव्हा कुठं ते बांधावर टेकले आणि माझं घर, आडनाव, कुणाचा कोण हे सगळं काढून झालं. तेव्हापासून मी आधी उजेडी गावात जातो, ज्याचं रान त्याला विचारतो, मोबाइलवर जुने फोटो दाखवतो. हुक्केरी-गोकाककडं ‘एन माडाकत्तीरी?’ (काय करताय?) असं विचारतात, तिथं माझ्या मोडक्या कन्नडात ‘फोटो तेगियाकत्तीन्री’ (फोटो काढतोय) एवढं सांगितलं की पुरतं. गोकाकला धबधबा बघून घ्या, घटप्रभेचं पाणी 52 मीटर खाली पडतं. पावसाळ्यात ढग फाटून चांदणं पडलं तर अर्ध्या मिनिटाचा फोटो भारी येतो. कठड्याच्या अलीकडं राहून.

त्या मामांनी आता एक काम लावलंय. त्यांची बैलजोडी आहे, तिचा चांदण्यातला फोटो पाहिजे, मागं गड दिसला पाहिजे, आणि फ्रेम करून सोप्यात लावायचाय. बैल 15 सेकंद हलणार नाहीत असं मामा छातीठोक सांगतात. बैलांचं मला माहीत नाही, पण शेपट्या कोण धरणार? म्हणून ठरवलंय, शटर 15 सेकंदांचं, आणि सुरुवातीलाच कमी ताकदीचा एक फ्लॅश. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, तेवढ्यात बैल ठरतात, आणि गड-आभाळ उरलेल्या वेळात चांदण्यावर भरून येतं. फ्लॅशनंतर मामांनी बैलांना जागचं हलू द्यायचं नाही, नाहीतर शिंगांतून गड दिसायला लागेल. येत्या पौर्णिमेला आभाळ मोकळं राहिलं तर काढतो. फ्लॅशला बैल बुजले तर काय करायचं, यावर मामांचं उत्तर तयार आहे: आधी त्यांना दोन दिवस सवय लावायची. रोज संध्याकाळी येऊन गोठ्यात फ्लॅश मारून जा म्हणतात.